पट्टीच्या अलीकडे एकसष्ट

त्याला शंभर. मला एकसष्ट.

नको, अशी सुरुवात नको. अशाने वाटेल मी भांडायलाच बसले आहे. पुन्हा.

मी अलार्म बसवते. आगीचे आणि चोरांचे. ("चोरांचे? म्हणजे चोरांना विकता?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता मीच आधी करून टाकते.) छताला भोक पाडायचं, वायर ओढायची, धूर ओळखणारी पांढरी वाटी उपडी बसवायची, शिडी सरकवायची, परत चढायचं. भोक पाडताना भुकटी पडते ती थेट डोळ्यात. धाकट्याच्याही डोळ्यात पडते. माझ्या डोळ्यात ती एकोणचाळीस टक्के कमी पडत नाही.

बघा, आलंच परत.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याला हे काम मी शिकवलं. पहिल्यांदा शिडीवर चढला तेव्हा त्याचे पाय असे लटपटत होते की शिडीच टकटक वाजत होती, आणि खाली ती धरून मी उभी. लग्न झाल्यावर तो पहिल्या प्रदेशात राहायला गेला. मी तिसऱ्या प्रदेशात राहिले, कारण आई तिथे आहे. कंपनी दोघांची एकच. शर्टावरचं चिन्ह एकच, आणि धुतल्यावर ते दोघांचंही डाव्या कोपऱ्यातून सुटतं.

कंपनीने नकाशाचे चार प्रदेश केलेत. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. तासाचा दर प्रदेशाप्रमाणे. कोणत्या प्रदेशात किती, हे कोणालाच माहीत नाही, कारण नोकरीला लागताना सही घेतात: आपला पगार सहकाऱ्याला सांगणार नाही, त्याचा विचारणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की इथे तोंड आपण आपल्याच हाताने दाबायचं.

मीही दाबलं होतं. भाऊ असून त्याला कधी विचारलं नाही. आईच्या औषधांचं विचारलं, त्याच्या कंबरेचं विचारलं, भावजयीच्या नोकरीचं विचारलं. पगाराचं नाही.

— पॅनेल म्हणतं: सर्व ठीक —

ते रुग्णालय नवं होतं. अजून रुग्ण यायचे होते. खाटा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या, भिंतींना रंगाचा वास, नळांना पाणी नाही. इमारतीला दोन अंगं, आणि दोन प्रदेशांची हद्द बरोबर त्यांच्या मधून जाते. लांब मार्गिकेत फरशीवर एक पितळी पट्टी आहे. अलीकडे तिसरा प्रदेश, पलीकडे पहिला. परवाने दोन्हीकडचे लागणार, म्हणून कंपनीने माणसंही दोन्हीकडची पाठवली. अलीकडून मी. पलीकडून, योगायोगाने, धाकटा.

आता वायरीबद्दल थोडं, कारण पुढे लागेल. या वायरीला आम्ही लूप म्हणतो. ती पॅनेलमधून, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीतून निघते, सगळ्या वाट्यांना भेटते आणि फिरून पुन्हा पॅनेलमध्येच येते. पॅनेल तिच्यात दोन्ही टोकांनी वीज सोडतं. त्यामुळे मध्ये कुठे एका ठिकाणी वायर तुटली तरी एकही वाटी मरत नाही. अर्ध्यांना या टोकाकडून मिळतं, अर्ध्यांना त्या टोकाकडून. आग लागली तर अलार्म वाजणार म्हणजे वाजणार. फक्त पॅनेलवर पिवळा दिवा लागतो, बझर किरकिरतो आणि पडद्यावर येतं: दोष, वायर खुली.

पिवळा दिवा असेपर्यंत तपासनीस इमारत चालू करू देत नाही.

मी जाणाऱ्या टोकाकडून काम करत पट्टीकडे निघाले, धाकटा येणाऱ्या टोकाकडून. दिवसभर आमचं ओरडणं चालू. मी काठीवरचा धुराचा डबा वाटीखाली धरून ओरडायची, "लागला?" तो पॅनेलपाशी उभा राहून ओरडायचा, "आला!" मग उलट. लहानपणी लपाछपी खेळताना याच आवाजात ओरडायचो.

शेवटची वाटी पट्टीच्या बरोबर डोक्यावर होती. त्या दुपारी तिच्याखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या एका खाटेवर, आम्ही डबे उघडले. खाट चर्रचर्र वाजत होती.

धाकटा म्हणाला, "भाडं वाढवलंय मेल्याने. शंभराचा तास पुरत नाही बघ आता. तुला ठीक आहे. तुला तर माझ्याहून जास्तच असेल."

मी घास चावत राहिले.

"किती आहे गं ताई तुला? एकशे दहा? पंधरा?"

त्याने गमतीने विचारलं नव्हतं, हे आधी सांगते. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या डोक्यात सरळ हिशेब होता: मी मोठी, मी आधी लागले, मी त्याला शिकवलं.

"एकसष्ट," मी म्हणाले.

"हॅ. एकशे एकसष्ट?"

"एकसष्ट."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं. आत अर्धं जेवण तसंच होतं.

"ताई, शप्पथ, मला माहीत नव्हतं."

"तुला कशाला माहीत असेल? सही केली आहेस ना?"

बाई म्हणून कमी दिले असते तर मला निदान कळलं असतं शिवी कोणाला घालायची. पण दर प्रदेशाचा आहे, म्हणजे तिसऱ्या प्रदेशातले पुरुषही एकसष्टच घेतात आणि पहिल्यातल्या बाया शंभर. मग मी कोणाला शिवी घालू? नकाशाला?

— पॅनेल म्हणतं: दोष, वायर खुली —

शेवटची वाटी मी छताला बसवली, पण वायर जोडली नाही. माझ्याकडून आलेलं टोक अलीकडे लोंबत सोडलं, धाकट्याकडून आलेलं पलीकडे. मध्ये वीतभर हवा. आमच्यावर देखरेख करणारे साहेब आले. यांना आम्ही हो-हो साहेब म्हणतो, कारण ते वरच्यांनाही हो म्हणतात आणि खालच्यांनाही हो.

"हे राहिलंय का?"

"राहिलं नाही, ठेवलंय," मी म्हणाले. "ही वाटी पट्टीवर आहे. मी जोडली तर एकसष्टात जाते, त्याने जोडली तर शंभरात. आधी दर सांगा, मग जोडते."

"हो, हो, मुद्दा बरोबर आहे तुमचा," साहेब म्हणाले. "पण जोडून टाका ना."

"तुम्हीच जोडा की."

ते हसले. जोडायला त्यांना येतं, एके काळी तेही शिडीवरच होते. पण खुर्चीवर गेल्यापासून त्यांनी परवान्याचं नूतनीकरण केलेलं नाही, आणि परवाना नसलेल्याचा हात लागला तर तपासनीस सगळंच उपटायला लावेल. साहेबांनी वर टोकांकडे पाहिलं, खाली पट्टीकडे पाहिलं आणि मुख्य कार्यालयात फोन लावला.

धाकटा माझ्या कानाशी आला. "ताई, जोड ना. दोन मिनिटांचं काम. उगाच हात दाखवून अवलक्षण होईल."

"अवलक्षण झालंय आधीच. मी फक्त हात बघतेय."

दुसऱ्या दिवशी दरवाल्या बाई आल्या. मुख्य कार्यालयात प्रदेशांचे दर ठरवणाऱ्या त्या. आवाज अगदी मऊ. मऊ आवाजाच्या माणसावर ओरडता येत नाही, तोच त्याचा उपयोग असावा. त्या जे बोलल्या ते इथे लिहिते. कंसात आहे ते माझ्या तोंडात होतं, पण बाहेर आलं नाही.

"दर आम्ही मनाने ठरवत नाही हो, त्यामागे अभ्यास असतो. पहिल्या प्रदेशात राहणं महाग आहे."

(आहे. मान्य. धाकट्याच्या खोलीत मी राहिले आहे, दार उघडलं की पलंगाला लागतं. पण माझं ड्रिल स्वस्त मिळतं का? बूट? गुडघ्याचा पट्टा? आईचं शंभराचं औषध तिसऱ्या प्रदेशात एकसष्टात देतात का?)

"शिवाय तिसऱ्या प्रदेशातले लोक या दराला तयार असतात. बाजाराचं तसंच असतं."

(तयार! दुसरा आकडा कानावर पडू द्यायचा नाही, त्याच्यावर सही घ्यायची आणि मग म्हणायचं तयार आहेत. आंधळ्याला विचारायचं, हा रंग आवडला ना? तो हो म्हणतो.)

"तुम्ही पहिल्या प्रदेशात बदली मागू शकता. संधी सगळ्यांना सारखी आहे."

इथे मात्र तोंड उघडलं. "आईचीही बदली होते का?"

"त्यासाठी वेगळी सोय नाही."

"बरं. मी ही पट्टी ओलांडून पलीकडे काम केलं तर?"

"तुमचं नाव तिसऱ्यात आहे. एकसष्ट."

"आणि हा अलीकडे येऊन माझं काम करेल तर?"

"त्याला शंभर."

"म्हणजे पट्टीचा काही संबंधच नाही."

"पट्टी फरशीसाठी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या.

हो-हो साहेब म्हणाले, "हो."

मी शिडी उचलून बाजूला ठेवली. तिच्यावर चढून मी बारा गावच्या छतांना भोकं पाडली आहेत. ती शिडी आजवर कधी म्हणाली नाही की तुझ्यासाठी मी दोन पायऱ्या कमी. "मला शंभर लावा," मी म्हणाले. "तोवर ही वायर अशीच राहील. कोणाच्या जिवाला धोका नाही, ही एक सोडून वाट्या सगळ्या जिवंत आहेत, हवं तर धूर सोडून बघा. फक्त पिवळा दिवा आहे."

बाईंनी विचार करून सांगते म्हटलं. बझर किरकिरत होता. त्याला गप्प करायचं बटण आहे. दाबलं की गप्प बसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. मला तो पहिल्यांदाच आवडला.

— पॅनेल म्हणतं: दोष, वायर खुली —

विचार झाला. निरोप हो-हो साहेबांकडून आला आणि तो देताना ते आमच्या दोघांच्या मध्ये, पट्टीवर, एक पाय इकडे एक पाय तिकडे असे उभे होते.

"कंपनीला तुमचं म्हणणं पटलं आहे. एकाच इमारतीत दोन दर बरोबर दिसत नाहीत. या इमारतीसाठी दोघांनाही सारखाच दर. ऐंशी."

मी आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिलं.

"शंभर आणि एकसष्टची सरासरी साडेऐंशी होते," धाकटा म्हणाला. त्याचं गणित पहिल्यापासून चांगलं.

"हो. वरचा अर्धा काढलाय. सुटसुटीत व्हावं म्हणून."

समता आणा म्हटलं तर यांनी आणली. त्याच्या ताटातली पोळी माझ्या ताटात टाकली, वर तिचा एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

संध्याकाळी भावजयीचा फोन. ती माझ्याशी कधी वावगं बोलत नाही, म्हणून जास्त लागलं.

"वन्सं, तुमचे वाढले म्हणून अभिनंदन करू, की आमचे गेले म्हणून रडू? तेवढं सांगा. म्हणजे चुकायला नको."

"अगं, मी मागितले ते कंपनीकडे मागितले."

"मागितले तुम्ही कंपनीकडे, दिले आम्ही. घरमालकाला काय सांगू? नणंदेला न्याय मिळालाय, या महिन्यात सांभाळून घ्या?"

खरं सांगायचं तर, त्याआधी दुपारभर माझ्या मनात ऐंशीचा हिशेब चालू होता. ऐंशीत आईसाठी दिवसा एक बाई ठेवता आली असती. ऐंशी मला चालले असते. चालले असते, हे मला स्वतःलाच सांगायला लाज वाटत होती, आणि जिला ती वाटायला हवी होती ती बाई मऊ आवाजात मुख्य कार्यालयात बसली होती.

सकाळी धाकटा माझ्याशी बोलला नाही. बोलला तो शिडीशी. "चल गं," म्हणाला, आणि शिडी ओढत पट्टीवर आणली.

"काय करतोस?"

"मीच जोडतो. संपवतो एकदाचं. तुझा न्याय झाला ना? मिरव."

"अरे, ऐक."

"काय ऐकू? तू गप्प बसली असतीस तर मला शंभर राहिले असते."

"आणि मला एकसष्ट."

"तुला माझे शंभर माहीतच नव्हते! तू सुखात होतीस!"

हे बोलून तो थांबला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं. पण राग ओसरला नव्हता, तो तसाच वर चढला. एक टोक या हातात, एक त्या हातात.

मी खाली शिडी धरली. भांडण असलं तरी शिडी धरतात.

"धाकट्या," मी म्हणाले, "मला एकोणीस मिळाले, तुझे वीस गेले. कंपनीच्या खिशातून काय गेलं, तेवढं सांग आणि मग जोड."

छताच्या भोकातून थोडी भुकटी पडली, माझ्या डोळ्यात.

"त्यांचा वर एक वाचला," तो शेवटी म्हणाला. "आयला. त्यांचा वर एक वाचला."

"हो."

"परवापर्यंत मी हेच शंभराला जोडत होतो."

"हो."

"तू हो-हो साहेब झालीस का गं?" तो म्हणाला आणि टोकं सोडून खाली उतरला. हसला मात्र नाही. "ऐंशीत मी नाही जोडत. तुझ्यासाठी म्हणून नाही हां. माझ्यासाठी."

"चालेल," मी म्हणाले. मला त्याच्याकडून दया नकोच होती.

— पॅनेल म्हणतं: अजूनही तेच —

मग कंपनीने चौथ्या प्रदेशातून, दोन्हीकडचा परवाना असलेला माणूस मागवला.

सांगायला हवं होतं का की चौथाही प्रदेश असतो? वर सांगितलं होतं, पण तुम्हीही विसरला असाल. सगळेच विसरतात. मीही विसरले होते. आपण शेवटचे नाही हे कळलं की माणसाला बरं वाटतं, ही माझी त्या आठवड्यातली सगळ्यात वाईट माहिती.

काका आले. वयाने आमच्याहून मोठे, हत्यारांची पिशवी खांद्याला, पिशवीचा पट्टा दोन ठिकाणी वायरीने बांधलेला. हो-हो साहेबांनी त्यांना जागा दाखवली आणि लगेच कुठेतरी निघून गेले.

काकांनी आम्हाला पाहिलं, लोंबणाऱ्या टोकांना पाहिलं. "हे एवढंच?"

"एवढंच," धाकटा म्हणाला.

"आणि यासाठी मला रात्रभर बसमध्ये बसवलं? तुमचे हात मोडलेत का?"

"नाही."

"मग?"

आता बघा. सही. त्यांचीही असणार. मी धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने माझ्याकडे.

"मला एकसष्ट," मी म्हणाले.

"मला शंभर होते," धाकटा म्हणाला. "आता दोघांना ऐंशी करतायत."

काकांनी पिशवी खाली ठेवली. मागे वळून मार्गिकेकडे पाहिलं, कोणी आहे का. मग शिडी चढले, दोन्ही टोकं हातात घेतली, अंगठ्याने त्यांचं तांबं साफ केलं. सवयीने. आम्ही काही म्हणालो नाही. त्यांचं परतीचं भाडंही काम झाल्यावर मिळणार होतं. त्यांना थांबवायचा आम्हाला काय हक्क?

तिथूनच ते म्हणाले, "सत्तेचाळीस."



"तीस वर्षं झाली मला छताकडे तोंड करून," काका म्हणाले. "मान खाली घातली तर दुखते. पोरं म्हणतात, बाबा, तुम्ही गर्विष्ठ दिसता." ते टोकं सोडून एकेक पायरी उतरले. "हे छत शंभराचं आहे. सत्तेचाळीसवाल्याने त्याला हात लावला तर खराब होईल. मी बसतो."

आणि त्याच खाटेवर बसले. चर्रचर्र.

दरवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा हो-हो साहेबांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे त्यांना स्वतःला काही बोलावं लागू नये. "नक्की म्हणणं काय आहे तुमचं?" बाईंनी विचारलं. आवाज मऊच, पण कडा कोरड्या.

"शंभर," मी म्हणाले.

"शंभर," धाकटा म्हणाला.

काकांनी घसा साफ केला. "बाई, मला नवीन आहे हे. पण शंभर."

— पॅनेल म्हणतं: सर्व ठीक —

मिळाले. उद्घाटनाची तारीख डोक्यावर होती म्हणून मिळाले, आमच्या बोलण्याने नव्हे. फक्त त्या इमारतीपुरते. अपवाद म्हणून. काकांना त्या एका दिवसाचे आणि परतीचं भाडं. वायर आम्ही तिघांनी मिळून जोडली, म्हणजे एकाने जोडली आणि दोघांनी शिडी धरली, जिला तेवढ्या माणसांची गरज नव्हती. पिवळा दिवा गेला. बझर गप्प झाला, आणि मला चुकल्यासारखं वाटलं.

जाताना तिघांकडून सही घेतली: या इमारतीत काय दर मिळाला ते कोणालाही सांगणार नाही.

मी केली सही. नीट, पूर्ण नावानिशी.

आता मी परत माझ्या प्रदेशात आहे. एकसष्ट. धाकट्याला शंभर, काकांना सत्तेचाळीस. छत तेच. आज एका नव्या दुकानाचं काम सुरू झालं, आगीचं आणि चोरांचं दोन्ही. सोबत कंपनीने कुठल्याशा प्रदेशातून पाठवलेली एक बाई आहे, आजच पहिल्यांदा भेटलो. तिने ड्रिलची वायर सोडवली, मी शिडी उघडली. ती चढायच्या आधी मी शिडी धरली आणि विचारलं, "तुला किती देतात गं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. दुकानाचा मालक बाहेर उभा होता, हो-हो साहेबही.

"दार लावू का?" ती हळूच म्हणाली.

"कशाला?" मी म्हणाले. "राहू दे उघडं. मला एकसष्ट."